कोटिंग खोलीतील हवा : औद्योगिक द्रावकाच्या धोक्याचे मूल्यमापन कसे करावे

काही वर्षांपूर्वी एक तरुण रुग्ण शिरःशूलाची तक्रार घेऊन माझ्याकडे आला. दुपारनंतर डोके जड होणे, किंचित भ्रम, अरुची, क्वचित छर्दी अशी लक्षणे होती. पित्तानुबंधी शिरःशूल असे निदान करून सूतशेखर, पथ्यादि क्वाथ व अणुतैलाचे नस्य अशी योजना केली. उपशय मिळे, पण अर्धवट. रविवारी मात्र डोके अजिबात दुखत नाही, असे तो दर वेळी सांगे आणि मी त्याचे श्रेय विश्रांतीला व झोपेला देई. व्यवसाय मी पहिल्याच दिवशी विचारला होता. ‘फार्मसीत आहे’ असे उत्तर मिळाले. हे उत्तर आपल्याला इतके घरचे वाटते की मी पुढे काही विचारलेच नाही. तिसऱ्या महिन्यात सहज बोलता बोलता कळले की तो गोळ्यांच्या कोटिंग विभागात काम करतो आणि ज्या कारखान्यात करतो तेथील गोळ्या मी रोज लिहून देत असतो.

हा प्रसंग लिहिण्याचे कारण आत्मनिंदा नव्हे. आपल्या व्यवसायातील अनेक फार्मसींमध्ये गोळ्यांवर पातळ रंगीत आवरण चढविण्यासाठी मिथिलीन डायक्लोराइड, म्हणजे व्यापारी भाषेत ‘एमडीसी’, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे ‘आयपीए’, यांचे मिश्रण वापरले जाते. आवरणाचे द्रव्य त्यात विरघळवून फिरत्या पॅनमध्ये स्प्रे गनने फवारतात, गरम हवेने द्रावक उडून जाते व आवरण मागे राहते. उडून गेलेले द्रावक कोठे जाते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. प्रस्तुत लेखात एमडीसी हे एकच द्रावक उदाहरणादाखल घेऊन त्याच्या धोक्याचे मूल्यमापन कसे करतात आणि फार्मसीचा मालक अथवा चिकित्सक ते कागद-पेन्सिलीने कितपत करू शकतो, हे मांडावयाचे आहे.

मूल्यमापनाची आज सर्वत्र वापरली जाणारी चौकट अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९८३ साली मांडली. द्रव्य कोणता अपाय करू शकते, किती मात्रेला किती अपाय होतो, प्रत्यक्षात माणसाच्या वाट्याला किती मात्रा येते, आणि या तिन्हींवरून त्या माणसाला असलेला धोका किती, असे हे चार प्रश्न आहेत. विष आणि मात्रा यांचा संबंध आपल्याला नवा नाही. वत्सनाभाचा शोधनोत्तर प्रयोग करणाऱ्या वैद्याला तो शिकवावा लागत नाही. तरीही द्रावकांच्या बाबतीत आपण पहिल्या प्रश्नावरच थांबतो. कोणी म्हणतो ‘हे विषारी आहे’, कोणी म्हणतो ‘वीस वर्षे वापरतो आहोत, काही झाले नाही’. दोन्ही विधानांत मात्रेचा उल्लेख नाही, म्हणून दोन्ही निरुपयोगी आहेत.

अपायाचे स्वरूप

एमडीसी फुप्फुसातून वेगाने रक्तात शिरते. मेंदूवर त्याचा परिणाम संज्ञाहारक द्रव्यासारखा होतो. प्रथम डोके हलके वाटते, मग गुंगी येते, प्रतिक्रिया मंदावतात आणि मात्रा फार वाढल्यास श्वसनकेंद्र बंद पडून मृत्यू ओढवतो. बंद जागेत, टाकीत अथवा खोल पात्रात वाकून काम करणारी माणसे यानेच दगावली आहेत.

दुसरा अपाय अधिक विलक्षण आहे आणि वैद्याने तो अवश्य जाणावा असा आहे. शरीरात एमडीसीचा एक भाग यकृतातील विकरांमार्फत कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतरित होतो. १९७२ साली अमेरिकेतील स्ट्युअर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रथम दाखवून दिले. म्हणजे कोठेही धूर नसताना, शेगडी नसताना, कामगाराच्या रक्तात कार्बोक्सिहिमोग्लोबिन साठू लागते. सुमारे २०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भाग हवेत २०० भाग, इतकी वाफ साडेसात तास घेतल्यास हे प्रमाण सात टक्क्यांच्या जवळ पोहोचते. निर्व्यसनी माणसात ते एक टक्क्याच्या आसपास असते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यात मुळातच जास्त असते आणि त्यावर ही भर पडते. ऊतींत राहिलेल्या द्रावकापासून वायू तयार होणे घरी गेल्यावरही काही तास चालू राहते. त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड नुसता श्वासावाटे घेतल्यापेक्षा हा भार रक्तातून सावकाश उतरतो. हृद्रोग असलेल्या माणसाला ही गोष्ट किती महाग पडेल, हे सांगावयास नको.

येथे एक व्यावहारिक सूचना करतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या टेबलावर आता पल्स ऑक्सिमीटर असतो. साधा ऑक्सिमीटर कार्बोक्सिहिमोग्लोबिनला प्राणवायुयुक्त हिमोग्लोबिनच समजतो आणि निर्धास्तपणे अठ्ठ्याण्णव दाखवितो. हे प्रमाण मोजण्यासाठी को-ऑक्सिमीटरवर रक्त तपासावे लागते आणि तेही पाळी संपताच. रविवारी सकाळी केलेली तपासणी काहीही सांगणार नाही.

तिसरा प्रश्न कर्करोगाचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २००० व ४००० पीपीएम वाफेत ठेवलेल्या उंदरांना यकृत व फुप्फुसाचे अर्बुद झाले. त्यावरून मोठा वाद झाला, कारण ज्या विकरमार्गाने हा अपाय होतो असे मानतात, तो उंदरात माणसापेक्षा पुष्कळ अधिक कार्यक्षम आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ च्या बैठकीत एमडीसीला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात, म्हणजे २-ए मध्ये ठेवले. त्याच सुमारास जपानमधील ओसाका येथील एका मुद्रणालयाची हकीगत पुढे आली होती. तेथे तळघरातील खोलीत मुद्रणयंत्रावरील शाई द्रावकाने वारंवार पुसली जाई आणि खोलीतील हवेचा मोठा भाग पुन्हा आतच फिरविला जाई. तेथे काम केलेल्या तरुणांत पित्तनलिकेचा कर्करोग आढळला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अहवालात असे ११ रुग्ण होते, सर्व २५ ते ४५ या वयातील. पुढे ही संख्या १७ झाली. मुख्य दोष १,२-डायक्लोरोप्रोपेन या द्रावकाकडे गेला, पण त्यांतील बहुतेकांचा एमडीसीशीही संपर्क आलेला होता. इतक्या तरुण वयात हा रोग इतका दुर्मीळ की एकाच छतखालची ही संख्या योगायोग म्हणता येईना. मला या हकीगतीत द्रावकाच्या नावापेक्षा ती खोली अधिक महत्त्वाची वाटते. लहान जागा, रोजचे काम, फिरत राहणारी तीच हवा. आपल्या कोटिंग खोल्यांचे वर्णन याहून फार वेगळे नाही.

मात्रेची मर्यादा

अमेरिकेत कामाच्या जागेवरील एमडीसीची कायदेशीर मर्यादा आठ तासांच्या सरासरीने ५०० पीपीएम होती. १९९७ साली ती २५ पीपीएम करण्यात आली आणि कोणत्याही पंधरा मिनिटांसाठी १२५ पीपीएम ही वेगळी मर्यादा घालण्यात आली. २०२४ साली तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने बहुतेक औद्योगिक व व्यावसायिक वापरांवर बंदीचा नियम काढला आणि अपवाद म्हणून राहू दिलेल्या वापरांसाठी आठ तासांची सरासरी २ पीपीएम ठरविली. ५०० वरून २ पर्यंतचा हा प्रवास पाहिला की ‘मर्यादेच्या आत आहे’ या वाक्याचे वजन किती धरावे, हे कळते. द्रव्य तेच राहिले. आपले ज्ञान बदलले, आणि किती धोका पत्करणे योग्य याविषयीची समाजाची भूमिकाही बदलली. मर्यादा हा सुरक्षित व असुरक्षित यांमधील बांध नसतो.

आता वासाविषयी. एमडीसीचा वास गोडसर, ईथरसारखा असतो आणि बहुतेकांना तो साधारण २०० पीपीएमच्या पुढे जाणवू लागतो. म्हणजे ज्या खोलीत ‘थोडासा वास येतो’ ती २५ पीपीएमच्या मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेली असते, आणि ज्या खोलीत ‘काहीच वास येत नाही’ तीही मर्यादेच्या चौपट असू शकते. त्यातही सतत काम करणाऱ्याचे घ्राणेंद्रिय सरावाने बधिर होते. मालक दारात उभा राहून नाक मुरडतो आणि कामगार म्हणतो, ‘साहेब, आता काही नाही येत’. दोघेही खरे बोलत असतात.

प्रत्यक्ष मात्रा : एका खोलीचा हिशेब

हवेचे नमुने घेऊन प्रयोगशाळेत मोजणी करणे हाच खरा मार्ग होय. परंतु त्यापूर्वी मालकाने पुढील हिशेब एकदा करून पाहावा. आकडे मी नमुन्यादाखल घेतले आहेत. आपल्या खोलीचे आकडे आपण घालावेत.

एका बॅचला ५ लिटर एमडीसी लागते आणि फवारणी दोन तास चालते असे धरू. एमडीसी पाण्याहून जड आहे, लिटरला सुमारे १.३३ किलो. म्हणजे ६.६ किलो द्रावक दोन तासांत हवेत जाते. कोटिंग पॅनला जोडलेला एक्झॉस्ट यातील नव्वद टक्के बाहेर ओढून नेतो असे उदारपणे मानू. उरलेले दहा टक्के, म्हणजे ६६० ग्रॅम, खोलीत निसटतात. तासाला ३३० ग्रॅम. खोली ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद, ३ मीटर उंच, म्हणजे ६० घनमीटर. खोलीतील हवा तासाला सहा वेळा बदलते असे धरल्यास तासाला ३६० घनमीटर ताजी हवा मिळते. ३३० ग्रॅमला ३६० ने भागल्यास दर घनमीटरला ०.९२ ग्रॅम, म्हणजे सुमारे ९२० मिलिग्रॅम वाफ. एमडीसीसाठी १ पीपीएम म्हणजे दर घनमीटरला साधारण ३.५ मिलिग्रॅम. म्हणून खोलीतील प्रमाण सुमारे २६० पीपीएम होते.

ही दोन तासांची पातळी आठ तासांवर पसरविली, आणि उरलेले सहा तास कामगार स्वच्छ हवेत होता असे मानले, तरी सरासरी ६५ पीपीएम येते. १९९७ च्या मर्यादेच्या अडीचपटीहून अधिक, २०२४ च्या आकड्याच्या बत्तीसपटीहून अधिक. पंधरा मिनिटांची १२५ ची मर्यादा तर दुपटीने ओलांडलेली आहे. दिवसात दोन बॅच घेतल्या की सरासरीही दुप्पट. शिवाय वाफ खोलीभर सारखी मिसळते असे आपण गृहीत धरले. पॅनच्या तोंडाशी वाकून गोळ्या हाताने पाहणाऱ्याच्या नाकाशी ती याहून जास्त असणार.

आता एकच आकडा बदलू. पॅनचा एक्झॉस्ट बंद आहे, किंवा त्याची पिशवी भुकटीने तुंबली आहे, आणि सगळी वाफ खोलीतच येते. प्रमाण २६०० पीपीएम होते. जिवाला तात्काळ धोका मानण्याची अमेरिकन संस्थेची पातळी २३०० आहे. उलट एक्झॉस्ट नव्याण्णव टक्के वाफ ओढत असेल तर खोलीत २६ पीपीएम राहतात आणि दिवसाची सरासरी ६.५ वर येते. म्हणजे कामगाराचे भवितव्य मुख्यत्वे त्या एका पंख्याच्या व नळीच्या स्थितीवर अवलंबून असते. छताचा पंखा या हिशेबात कोठेही येत नाही. तो वाफ बाहेर टाकीत नाही, केवळ ढवळतो.

आणखी एक तुलना करतो. ती पाहून मी स्वतः अस्वस्थ झालो. औषधातील अवशिष्ट द्रावकांविषयीच्या आयसीएच मार्गदर्शिकेत एमडीसीची रुग्णाच्या शरीरात जाऊ शकणारी दैनिक मात्रा ६ मिलिग्रॅम, म्हणजे औषधात ६०० पीपीएम, इतकी ठरविली आहे. ती पाळली जावी म्हणून आपण तयार गोळ्यांची तपासणी करून घेतो आणि अहवाल फाइलला लावतो. वरच्या खोलीतील कामगार हलके काम करताना तासाला सव्वा घनमीटर हवा घेतो. दोन तासांत त्याच्या नाकावाटे सुमारे २३०० मिलिग्रॅम एमडीसी आत जाते. सारेच शोषले जात नाही, आणि मुखावाटे व श्वासावाटे गेलेली मात्रा सरळ तोलता येत नाही, हे मान्य. परंतु रुग्णासाठी सहा मिलिग्रॅमवर काटेकोर असणारे आपण त्याच गोळीच्या निर्मात्यासाठी त्याच्या पावणेचारशेपटीकडे पाहतही नाही, ही विसंगती लपत नाही. आयुर्वेदीय औषधनिर्मितीसाठीच्या शेड्यूल टी मध्येही कामगाराच्या आरोग्याचा भर औषध दूषित होऊ नये यावर आहे. औषधाने कामगार दूषित होऊ नये, हा विचार मालकाला स्वतःहूनच करावा लागतो.

धोका ठरविताना

आकडे हाती आल्यावर माणसाकडे वळावे. तोच २६० पीपीएमचा धोका सर्वांना सारखा नसतो. हृद्रोगी, धूम्रपान करणारा, पांडुरोगी आणि गर्भिणी यांना तो अधिक आहे, कारण रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती तेथे आधीच अपुरी असते किंवा तिची गरज वाढलेली असते. ऋतूचाही विचार करावा. एमडीसी सुमारे ४० अंश सेल्सियसला उकळते. नागपूर-चंद्रपूरकडील वैद्यांना मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधील पिंपाची स्थिती वेगळी सांगावयास नको. पिंपाचे झाकण उघडताना मुख बाजूला ठेवा, एवढी सूचनाही तेथे कामाची ठरते. सांडलेल्या एमडीसीची वाफ हवेपेक्षा जवळजवळ तिप्पट जड असल्याने जमिनीलगत पसरते. खाली बसून पुसणारा सर्वांत आधी सापडतो.

आपल्या शास्त्राच्या भाषेत याला काय म्हणावे, असा प्रश्न एका बैठकीत विचारला गेला होता. बहुतेकांचे उत्तर ‘दूषीविष’ असे आले. सुश्रुताच्या कल्पस्थानातील दूषीविषाची कल्पना शरीरात क्षीणवीर्य होऊन दीर्घकाळ राहणाऱ्या व देश, काल, आहार यांच्या निमित्ताने पुन्हा उफाळणाऱ्या विषाची आहे. एमडीसी असे टिकून राहत नाही. त्याचा बहुतांश एक-दोन दिवसांत शरीराबाहेर पडतो, आणि म्हणूनच माझ्या रुग्णाचा रविवार बरा जाई. कर्करोगासारखा दूरचा परिणाम शिल्लक विषाचा नसून, ते विष जाता जाता करून गेलेल्या हानीचा आहे. त्यामुळे माझ्या मते दूषीविषाची संज्ञा येथे घाईने लावू नये. ती लावली की दूषीविषारी अगद आणि शोधनोपक्रम यांकडे मन जाते, आणि रुग्ण पंचकर्म करून पुन्हा त्याच खोलीत जातो. शोधनाने उद्याची वाफ शोधली जात नाही. येथे चिकित्सा एकच, निदानपरिवर्जन, आणि तिचे पालन रुग्णाच्या हाती नसून मालकाच्या हाती असते.

मालकवर्गाची अडचण मी ऐकली आहे व ती खोटी नाही. पाण्यावर आधारित आवरण वापरावे असे म्हटले की ते सांगतात, पावसाळ्यात गोळ्या ओलावा धरतात, क्षारयुक्त व गुग्गुळयुक्त कल्प चिकटतात, बॅचला दुप्पट वेळ लागतो, गरम हवेचे यंत्र मोठे घ्यावे लागते. हे सर्व खरे आहे. तरीही अनेक उत्पादने पाण्याच्या आवरणावर नेता येतात आणि औषधनिर्मितीतील कल त्याच दिशेने आहे. ज्या कल्पांना ते जमत नाही, त्यांच्याविषयी मी एक उद्धट प्रश्न विचारतो. त्यांना आवरण हवेच कशाला? वटी-गुटिका शतकानुशतके विनाआवरण दिल्या गेल्या. योगराज गुग्गुळाला चकचकीत तपकिरी झिलई रुग्णाच्या रोगासाठी दिली जात नाही.

द्रावक तूर्त वापरावेच लागत असेल तर पॅन बंदिस्त असावा, एक्झॉस्टचा वेग महिन्यातून एकदा मोजावा, बाहेर टाकलेली वाफ खिडकीतून पुन्हा आत येत नाही हे पाहावे. कापडी मुखपट्टीचा वाफेला काही अडथळा होत नाही. सेंद्रिय वाफेसाठीच्या कोळशाच्या डब्या लावलेला मास्कही एमडीसीपुढे लवकर निकामी होतो, म्हणून त्याच्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरविणारा मास्क सांगितला जातो. रबराचे व नायट्राइलचे साधे हातमोजे ते काही मिनिटांत भेदून जाते. हे माहीत नसल्याने मोजे दिल्याचे समाधान मालकाला मिळते आणि कामगाराच्या त्वचेला द्रावक मिळते.

चिकित्सकाचे काम अधिक सोपे आहे. ‘काय काम करता’ यावर न थांबता ‘हातात काय असते, कशाने पुसता, खोलीला खिडकी आहे का, सुटीच्या दिवशी कसे वाटते’ असे चार प्रश्न विचारावेत. सुटीच्या दिवशीचा उपशय हेच येथील निदानसूत्र आहे. हॅलोजनयुक्त हायड्रोकार्बनांची विषबाधा १९४८ च्या कारखाने अधिनियमात सूचनीय रोगांत होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, २०२० मध्येही असे रोग आढळल्यास लेखी कळविण्याचे कर्तव्य उपचार करणाऱ्यावर आहे. कामगारसंख्येमुळे काही लहान फार्मसी या कायद्यांच्या कक्षेबाहेर राहतात. त्यांच्या पॅनमधील वाफेला मात्र ही सूट ठाऊक नसते.

माझ्या त्या रुग्णाच्या मालकांना मी फोन केला. प्रथम ते रागावले, नंतर त्यांनी मला खोली दाखविली. एक्झॉस्टची नळी भिंतीपर्यंत नीट आलेली होती. भिंतीपलीकडे तिच्या तोंडावर पावसाचे पाणी येऊ नये म्हणून कोणीतरी पत्रा ठोकला होता.